मागं पडणारी लेकरं अन् आपण: तुमचे अनुभव लिहा

खडूची भुकटी
सकाळी शेजारच्या घरातून आवाज, "वेलांटी कुठं असती? कितीदा सांगू!" अन् लगेच धपाटा. लेकरू दुसरीतलं. माझं भाजी निवडण्यातलं ध्यानच उडालं. बीड जिल्ह्यात गटसाधन केंद्राकडून विशेष शिक्षिका म्हणून गाडीवर शाळा-शाळा फिरायचे, ते सगळं आठवलं.

अहो, "कि" म्हणताना आधी क ऐकू येतो, मग इ. कागदावर मात्र वेलांटी क च्या अलीकडं. "सूर्य" म्हणताना र आधी, लिहिताना तो य च्या डोक्यावर. आपल्या हाताला वळण पडलंय म्हणून आपल्याला सोपं वाटतं.

चौथीत एक पोरगं होतं. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, दिवाळीच्या आगंमागं निघायचे ते उन्हाळा लागल्यावरच परत. शाळेच्या लेखी पोरगं अप्रगत. बत्तीस म्हणलं की २३ लिहायचं. पण फडावर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या हेच विकायचं. "बारा मोळ्या, पंधरा रुपयानं, किती झाले?" माझी बोटं हलायच्या आत "एकशेऐंशी!" म्हणून मोकळं. मग वही ठेवली बाजूला. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधले, त्याला मोळीच म्हणायचं. बत्तीस म्हणजे तीन मोळ्या, दोन सुट्ट्या. बोलताना सुट्ट्या आधी, मांडताना मोळ्या आधी. डावीकडं मोळ्या ठेवल्या अन् त्याचं त्यालाच उमगलं. वाचनाला फार वेळ लागला. भ-म, घ-ध, थ-य सगळी सरमिसळ. पुठ्ठ्याला खिडकी पाडून एका वेळी एकच शब्द दाखवायचे, बाकीची ओळ झाकलेली. जरा जम बसला की दिवाळी यायची अन् पोरगं फडावर.

लेकराला काय येत नाही याची यादी सगळ्यांकडं असते. काय येतंय तिथून धरलं तर पुढं सरकतं, असं माझं मत. तुमचं लिहा.

गोदाकाठ
पंधराला मोळी??? ताई कुठल्या काळातली गोष्ट ही. आता वाढ्याचा भाव विचारून बघा, म्हशीपरीस वाढंच महाग.

खडूची भुकटी
जुनीच आहे हो. गणित बघा, भाव नका बघू

तुरीचं वरण
माझ्या पुतण्याला सगळे ढ म्हणायचे. फळ्यावरचं उतरून घेता येत नाही म्हणून शेवटच्या बाकावर. शेवटी निघाला चष्मा! अन् तोवर शेवटच्याच बाकावर, बोला आता.

खडूची भुकटी
म्हणून आधी डोळे अन् कान तपासायचे. सर्दीनं कान वाहणारी लेकरं कितीतरी असतात, त्यांना ब अन् भ वेगळा ऐकूच येत नाही. मग बाकीचं.

अण्णा परभणीकर
माझं ऐका. घरी वारकरी वातावरण, हरिपाठ मला लहानपणी तोंडपाठ. गुरुजींनी पोथी हातात दिली की मी बोट फिरवत धडाधड म्हणायचो, वेळेवर पान उलटायचो. गुरुजी खूश, वडील खूश. एकदा मावशीनं मुद्दाम पोथी उलटी दिली. मी तशीच म्हणली!! वाचता येत नाही हे घरात त्या दिवशी कळालं. मग मावशीनंच त्याच पोथीवर शिकवलं, पाठ ओळ म्हणायची अन् एकेका शब्दावर थांबून बोट ठेवायचं. आजही पेपर वाचताना बोट लागतं. नातवंडं हसतात, हसू द्या.

गोदाकाठ
उलटी पोथी हाहाहा. अण्णा तुम्ही आमदार व्हायला पाहिजे होतं

अर्धी भाकर
बत्तीसवरून आठवलं, ते "तीस दोन" काढलं होतं ना बालभारतीनं? दुसरीच्या पुस्तकात, २०१९ ला. केवढे विनोद फिरले होते

खडूची भुकटी
फिरले. पण जुनी नावं कुणी काढून टाकली नव्हती, तीस दोन जोडीला दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या, त्यांनी कारणही सांगितलं होतं. माझ्या पोरांना ते बरं पडलं. एकोणचाळीस म्हणताना चाळीस ऐकू येतं अन् लिहायचं ३९. हसणाऱ्यांनी एकदा ते लेकराला समजावून बघावं.

तुरीचं वरण
एकोणनव्वद अन् नव्याण्णव मला अजून थांबून बघावं लागतं, खरंच

बार्शी रोड
पोरगी सातवीत आहे लातूरला. तोंडी विचारलं की सगळं सांगती. लिहाय लागली की अक्षरं गाळू लालीय. शाळा म्हणतीय दिव्यांगत्वाचा दाखला आणा. दवाखान्यात गेलो तर तपासणारे आज नाहीत म्हणले, पुढच्या बारीला गेलो तरी तेच. आमचं रोजाचं काम बुडू लालंय. दाखल्यानं होतं काय नेमकं?

अर्धी भाकर
नळाला पाणी आलं, नंतर लिहिते

गोदाकाठ
पळा पळा, परत आठ दिवसानं येईल

खडूची भुकटी
@बार्शी रोड, होतं. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचता-लिहिताना लेकराचं अडखळणं, आली. १९९५ च्या कायद्यात सातच होते, तेव्हा आम्हाला असं लेकरू कागदावर दाखवताच यायचं नाही. दाखला आठ वर्षांच्या आत देत नाहीत, पोरगी सातवीत म्हणजे ती अडचण नाही. दहावीला जादा वेळ मिळतो, तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पुरा एक तास. गरजेप्रमाणं लेखनिकही. पण अर्ज शाळेमार्फत बोर्डाकडं जातो, म्हणून आत्ताच लागा. अन् दाखल्यासाठी शिकवणं थांबवायचं कारण नाही. तोंडी उत्तर घ्यायला अन् पहिल्या बाकावर बसवायला कुठलाच कागद लागत नाही, हे शाळेला सांगा.

बार्शी रोड
सांगतो. सर चांगले आहेत तसे, पण वर्गात पोरंच लई.

अण्णा परभणीकर
पोरीला म्हणावं बोट ठेव बिनधास्त

अर्धी भाकर
आले परत. आमच्या भाचीचा दाखला झालाय. जायच्या आधी तपासणीचा वार फोनवर विचारून घ्या. आधार अन् फोटो न्या, शाळेच्या जुन्या वह्या पण न्या, आमच्याकडं त्याच बघितल्या आधी. झेरॉक्स दोन-दोन काढा. अन् केसपेपरची रांग सकाळी लवकर धरा, दहाला गेलात तर दिवस गेलाच समजा.

बार्शी रोड
वह्या तर रद्दीत घातल्या हो मागच्या वर्षीच्या. चालू वर्षाच्या चालतील का?

अर्धी भाकर
चालतील. चुका खोडू नका फक्त, तशाच न्या.