एप्रिलमध्येच पालवी आली म्हणजे जंगल जास्त वाढतं का?

सागवन_चंद्रपूर:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे साग उन्हाळाभर नुसता खराट्यासारखा उभा असतो आणि पानं धरतो ती मे संपता संपता, जूनच्या पहिल्या सरींच्या आसपास. पण हल्ली मार्च-एप्रिलला अवकाळी जोरदार झाला की काही झाडं लगेच पालवतात. यंदा आमच्या गावालगतच्या जंगलात एप्रिल संपायच्या आतच तळहाताएवढी पानं होती, चुरगळली की बोटं लाल करणारी, एकदम कोवळी. मित्र म्हणतो पानं लवकर आली म्हणजे अन्न बनवायला दिवस जास्त मिळाले, म्हणजे वाढ जास्त, आणि सॅटेलाइटवरही जंगल हिरवं होताना दिसतंय. मला काही पटत नाहीये कारण त्याच अवकाळीत मोहफुलं मातीत गेली, तेंदूपानं विकत घेणारी फळी उशिरा लागली, लोकांचा हंगामच गेला. कोणी नीट समजावून सांगेल का?

रानवाटा:
भाऊ, दिवस मोजू नका, पाणी मोजा. पान झाडाला फुकट मिळत नाही, खोडा-मुळात साठवलेल्या स्टार्चवर ते बनतं. एप्रिलच्या एका पावसाने वरची वीतभर माती ओली होते, मग पुढे मेमध्ये पारा ४४-४५ ला गेला की झाड पाणी वाचवायला पानांची रंध्रं (हवा आत घेणारी बारीक छिद्रं) मिटून घेतं, म्हणजे पान आहे पण कमाई जवळपास नाही. आणि ते करपून गळलं तर जूनमध्ये परत नवीन पान काढायचं, खर्च डबल. त्यात सागाची पानं खाणारी अळी पावसाळ्याच्या तोंडाला कोवळ्या पानावरच येते, तिने एकदा फडशा पाडला की पुन्हा तेच. कुसुम, पिंपळ यांचं गणित वेगळं आहे, त्यांची मुळं खोल, ते भर उन्हाळ्यात पालवतात आणि त्यांना ते झेपतं.

खरी कमाई कधी होते सांगू का, पाऊस उघडल्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी भरपूर पण आभाळ भरलेलं, ऊन कमी. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरमध्ये जमिनीत ओल असते आणि वर स्वच्छ ऊन. म्हणून आपल्या पानगळी जंगलात पालवी कधी आली यापेक्षा शेवटचा चांगला पाऊस कधी पडला हे जास्त महत्त्वाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा बदलल्या, तेव्हा पश्चिम राजस्थानातून परतीची सुरुवात १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर धरली. म्हणजे पावसाळ्याचं मागचं टोक सरकलंय, आणि चर्चा मात्र सगळी पालवीचीच होते.

बॉस्टनकर:
इथे मॅसॅच्युसेट्समध्ये पाण्याआधी थंडीचा प्रश्न येतो. हार्वर्ड फॉरेस्ट म्हणून जंगल आहे, तिथे टॉवरवरून जंगल किती कार्बन घेतं-सोडतं ते १९९० च्या दशकापासून मोजतात, आणि वसंत लवकर आला की कार्बन जास्त घेतला जातो हे तिथे दिसलंय. म्हणजे तुमच्या मित्राचं म्हणणं इथे बरंचसं लागू पडतं. पण २०१० ला ईशान्य अमेरिकेत पालवी लवकर फुटली आणि मेमध्ये कडक हिमदव पडला, डोंगरावरच्या शुगर मेपलची कोवळी पानं जळली. २०१२ चा वसंत तर प्रचंड उबदार होता, झाडांनी लवकर सुरुवात केली, जमिनीतलं पाणीही लवकर ओढलं, मग उन्हाळ्यात मोठा दुष्काळ पडला आणि देशभराचा हिशोब केला तर वसंतातली बरीचशी कमाई त्यात गेली.

वाढवलय:
सॅटेलाइटबद्दल. त्याला वरून हिरवं दिसतं, ते सागाचं की खाली माजलेल्या घाणेरीचं हे त्या आकड्यावरून सहजी कळत नाही. आणि हिरवं म्हणजे लाकूड नाही. लाकूड किती बनलं ते खोडाच्या आतल्या वलयांत दिसतं, सागाला वर्षाची वलयं नीट पडतात, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या लोकांनी केरळच्या सागावरून पाचशेहून जास्त वर्षांच्या मान्सूनच्या खुणा वाचल्यात.

सागवन_चंद्रपूर:
हे भारी आहे. पण झाड न कापता मला गावात काही मोजता येईल का? शाळेतली पोरं तयार आहेत.

वाढवलय:
येईल की. आधी वनरक्षकाला सांगून ठेवा, मग लवकर पालवलेली आणि उशिरा पालवलेली, साधारण सारख्या जाडीची झाडं निवडा, छातीच्या उंचीवर म्हणजे १.३७ मीटरवर रंगाची रेघ मारा आणि दर महिन्याला त्याच रेघेवर टेपने घेर घ्या. सोबत पालवीची, अळीची आणि पानगळीची तारीख लिहा, पानगळीची लोक हमखास विसरतात. एक सांभाळा, उन्हाळ्यात खोड पाण्याअभावी किंचित आक्रसतं आणि पहिल्या पावसाने फुगतं, तो फुगवटा वाढ म्हणून धरू नका. या डिसेंबरचा घेर पुढच्या डिसेंबरच्या घेराशी लावा, आणि आकडे आले की इथेच टाका, मी बघतो.