मदत हवी आहे: 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'मधला सूड नक्की कोणाचा?

मंडळी, दिग्दर्शक टॅरँटिनोच्या या २००९ च्या, दुसऱ्या महायुद्धातल्या नाझीव्याप्त फ्रान्समध्ये घडणाऱ्या चित्रपटावर लेख लिहितेय आणि एका जागी अडकलेय.

सुरुवातीचं शेतघरातलं दृश्य मी पाच-सहा वेळा पाहिलं. लांडा हा नाझी अधिकारी शांतपणे दूध पितो आणि मध्येच फ्रेंच सोडून इंग्रजीत बोलू लागतो. आधी मला ती चित्रपटाची सोय वाटली. मग कळलं, फळ्यांखाली लपलेल्या ज्यू कुटुंबाला काही समजू नये म्हणून हा डाव आहे. भाषेचंच हत्यार! क्रिस्टोफ वॉल्ट्झला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, ते अगदी रास्त.

अडचण शेवटाची आहे. त्या कुटुंबातली एकटी वाचलेली शोशाना, हिटलर चित्रपट पाहायला आलेला असताना, नायट्रेट फिल्मची (सहज पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची) रिळं पेटवून आपलं अख्खं थिएटर जाळण्याचा बेत आखते, पण आग लागण्याआधीच ती मरते. पडद्यावर उरतो फक्त तिचा हसणारा चेहरा. तिच्या घरच्यांना मारणारा लांडा तर थिएटरात नसतोच. त्याच्या कपाळावर स्वस्तिक कोरतो तो नाझींना मारत फिरणाऱ्या अमेरिकी तुकडीचा प्रमुख आल्डो, ज्याची आणि शोशानाची कधी भेटही झालेली नाही. मग तिचा सूड पुरा झाला असं म्हणायचं का?

शिवाय, पडद्यावरची माणसं मरताना पाहून हिटलर हसतो, आणि थोड्या वेळाने त्याला मरताना पाहून मीही खूश झाले. दिग्दर्शक प्रेक्षकालाच प्रश्न विचारतोय की मी उगाच जास्त अर्थ काढतेय?

तुमचं वाचन काय सांगतं? प्रसंगाचा दाखला देऊन लिहिलंत तर फार मदत होईल.