पुन्हा: पुन्हा: डिसेंबरात जळगाव, आणि इथली भरीत पार्टी

प्रेषक: भुसावळचा जावई
नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या सुट्टीत सासुरवाडीला, म्हणजे भुसावळ-जळगावला चाललोय. बाहेर कुठे काय खावं ते सांगा. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "घरात काय कमी आहे?" म्हणून इथे विचारतोय.
दुसरं, जानेवारीत इथल्या आपल्या मराठी मंडळातर्फे भरीत पार्टी करायचं घाटतंय. हॉलमध्ये उघडा जाळ चालत नाही, ओव्हन मात्र मोठे आहेत. ओव्हनमधलं भरीत जमतं का?
तिसरं, नाताळच्या सुट्टीआधी आम्ही काही घरं एकत्र जमून कुकीज भाजतो. यंदा आपलं काहीतरी भाजू, असं पोरंच म्हणतायत. सुचवा.

प्रेषक: धुळेकर
जावईबापू, राम राम.
सासूबाईंना दुखवू नका, पण शेवभाजी बाहेरच खा. घरी ती वाईट होत नाही हो, पण ढाब्यावर जी तर्री येते तेवढं तेल ओतायला घरात कुणाचा हात धजत नाही. धुळ्याहून शिरपूरकडे मुंबई-आग्रा रस्त्याला लागलात की ढाबे सुरू होतात. ट्रक कुठे जास्त उभे आहेत ते बघायचं आणि आत शिरायचं.
सांगताना "शेव वेगळी द्या" म्हणून सांगा. रस्सा वाटीत, शेव बशीत, घासाघासाला टाकायची. आधीच घातलेली शेव ताट येईस्तोवर लगदा होते. आणि शेव म्हणजे चिवड्यातली बारीक नव्हे. भाजीची शेव वेगळी मिळते, जाड आणि तिखट. रश्श्याला रंग येतो तो भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं आणि काळ्या मसाल्याचा. काजूची गोडसर ग्रेव्ही समोर आली तर बिल देऊन उठा.
1906 साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. भरीत पूर्वेकडे गेलं, शेवभाजी आमच्याकडे राहिली. वाटणी बरोबरच झाली असं माझं मत आहे. जळगाववाले बोलतीलच आता.

प्रेषक: जळगावची मावशी
बोलतेच.
धुळेकर भाऊ, शेवभाजी तुमचीच, घेऊन जा. भरिताला हात लावू नका.
जावईबापू, मी जळगावला परत येऊन राहिले तरी मंडळाच्या ईमेल लिस्टवरून नाव काढलं नाही, ते अशाच पत्रांसाठी. तुम्ही यायची वेळ नेमकी साधलीये. जुन्या घरांतून चातुर्मासात वांगं वर्ज्य. ते चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत-रोडगा होऊन मग ताटात येतं. तोवर थंडीही पडलेली असते आणि वांगीही भरात असतात.
वांगं बामणोदचं किंवा असोद्याकडचं घ्या. जांभळं नव्हे, हिरवं, पांढरट रेघांचं आणि हाताएवढं लांब. बिया कमी, गर लोण्यासारखा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी आमच्या केळीलाही. मंडईत मात्र मानांकन विचारू नका, वांगं उचलून बघा. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर घ्या. जड म्हणजे बियांनी भरलेलं.
शहरात भरीत किलोवर मिळतं, सोबत पुऱ्या किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. चांगलं असतं, मीही आणते. पण तुम्ही आलात तर शेतातल्या पार्टीचं आमंत्रण मिळवा, सासऱ्यांना गळ घाला. कापूस वेचून झाल्यावर ज्या पऱ्हाट्या उरतात त्यांचा जाळ करतात, कुठे तुराट्यांचा. गॅसवर वांगं बुडाशी जळतं आणि देठाशी कच्चं राहतं. काटक्यांच्या जाळात ते लोळवत लोळवत सगळीकडून सारखं होतं, साल कोळशासारखी होऊन सुटते आणि आतला गर वाफेवर शिजतो. जाळाशी बहुतेक गडीमाणसं असतात, घरी चहाचं आधण न ठेवणारीसुद्धा! सोलायला बसलेल्या बायका शेजारी पाण्याची वाटी ठेवतात. बोटं भाजली की बोटं बुडवायची, वांगं नाही. वांगं धुतलं की धूरही धुऊन गेला.
मग बडगी. खोल लाकडी भांडं असतं, त्यात आधी भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचायचं, वर सोललेली वांगी. लाकडी मुसळीनं ठेचलेल्या गराचे धागे राहतात. मिक्सरमध्ये बिया फुटतात आणि चिकट पिठलं होतं. फोडणीला तेल सढळ, त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, शेवटी कांद्याची पात आणि कोथिंबीर. पात फार शिजवू नका, दाताखाली करकरली पाहिजे. संपलं. हळद नाही, गरम मसाला नाही.
आता तुमचा ओव्हन. जमतं, पण वरच्या जाळीचा ग्रिल पूर्ण तापवून वांगी अगदी वरच्या कप्प्यात ठेवा. नुसत्या ओव्हनच्या उष्णतेत वांगं उकडतं, भाजत नाही. आधी सुरीने टोचा, नाहीतर फुटतील आणि हॉल तुम्हीच पुसाल. साल काळी होऊन चुरचुरली की झाकणाच्या पातेल्यात थोडा वेळ ठेवून मग सोला. तिकडची जांभळी वांगी पाणी फार सोडतात, गर चाळणीत निथळू द्या. धुराचं म्हणाल तर कुणाच्या अंगणात बार्बेक्यू असेलच. निम्मी वांगी तिथे आदल्या दिवशी भाजून आणा आणि हॉलमधल्यात मिसळा. निखाऱ्यावर तूप सोडून पातेलं झाकण्याचा धुंगार मला पटत नाही, भरिताला बिर्याणीचा वास येतो.
भाजायच्या बैठकीसाठी दोन गोष्टी. एक, बट्टी. जाड दळलेला गहू, त्यात थोडा मका, ओवा, हळद, तेलाचं कडकडीत मोहन. घट्ट भिजवून, वळून, आधी वाफवायची. खानदेशात पुढे कापून तळतात. तुम्ही न तळता 200 अंशांवर लालसर करा आणि तुपात बुडवा. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी.
दुसरी, नानकटाई, पोरांसाठी. दिवाळीआधी आमच्याकडे रवा, मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत नेतात. तिथला कारागीर तूप-साखर हातानेच फेसतो, आपल्याला गोळे वळायला बसवतो. ट्रेवर घराच्या नावाची चिठ्ठी, तरी घरी आल्यावर डब्यात शेजाऱ्यांची चार निघतातच. तुम्हीही तसंच करा. प्रत्येक घराचा ट्रे वेगळा, तूप-साखर पांढरी होईस्तोवर फेसणं मोठ्यांकडे, वळणं पोरांकडे. 160 अंश पुरे. काढताना मऊ लागली तरी परत आत ढकलू नका, गार झाल्यावर खुसखुशीत होते.

प्रेषक: पुणेकर वहिनी
मावशी, सगळं कळलं, पण आमच्याकडे भरितात टोमॅटो घालतात आणि दहीसुद्धा. हॉलवर सगळ्या महाराष्ट्राची माणसं येणार. एक पातेलं तसं करू या का?

प्रेषक: जळगावची मावशी
करा की वहिनी. फक्त त्या पातेल्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा, चुकून माझ्या भाचीच्या ताटात जायला नको.

प्रेषक: नंदुरबारची
सगळे भांडून झाले असतील तर मिरचीचं बघा. जावईबापू, वाट वाकडी करून नंदुरबारला या. थंडीत मिरची वाळवायच्या पथाऱ्या लागलेल्या असतात, नजर जाईल तिथवर लाल. गाडीची काच खाली करू नका, पोरं शिंकून हैराण होतील. येताना नवापूरची तूरडाळ घ्या, बट्टीचं वरण त्याच डाळीचं करू. मसाला घरी कुटलेला आणलात तर तीन पदरी पॅक करा, माझ्या बॅगेतल्या साड्यांना पुढे वर्षभर काळ्या मसाल्याचा वास होता.

प्रेषक: भुसावळचा जावई
मावशी, धुळेकर, वहिनी, ताई, सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना फोन केला. शेतातलं आमंत्रण पक्कं, वर ते म्हणाले, "जेवाले या, पण वांगी तुम्हीच भाजा." बडगी विमानातून आणता येते का ते विचारलं. बायको म्हणते बॅगेच्या वजनात बडगी किंवा तूरडाळ, दोन्ही नाही. सध्या डाळ जिंकतेय.
तर पार्टीपुरतं: हॉलमधले ग्रिल मी बघतो. बार्बेक्यूवाल्या अंगणाचं नाव अजून कुणी दिलेलं नाही. टोमॅटोचं पातेलं वहिनींकडे, चिठ्ठीसकट. पुऱ्या लाटायला माणसं हवीत, तळायला आहेत.

प्रेषक: धुळेकर
अंगण माझं घ्या. पण मग मेन्यूत शेवभाजी.