प्रतिसाद: रॉबर्ट्सची चित्रं आणि कोरीव लेखांची नक्कल

इजिप्तमधल्या प्राचीन देवळांसाठी स्कॉटिश चित्रकार डेव्हिड रॉबर्ट्सची तिथली चित्रं (प्रवास १८३८-३९) पुराव्यादाखल वापरावीत, असं वर कुणी म्हटलंय. अबू सिंबेलच्या देवळांवर वाळू कुठवर चढली होती हे पाहायला जरूर वापरा, पण त्यांतली चित्रलिपी वाचायला जाऊ नका. शिवाय छापलेली चित्रं म्हणजे लुई हागेने छपाईच्या दगडावर (लिथोग्राफसाठी) पुन्हा काढलेली; म्हणजे दुसरा हात फिरलेला.

कोरलेल्या मजकुरासाठी इजिप्तमध्ये काम केलेल्या रॉबर्ट हे या स्कॉटिश प्रवाशाच्या चमूची रेखाटनं बरी. त्यांनी कॅमेरा ल्युसिडा वापरला: प्रिझममधून दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसतं आणि रेषा गिरवता येते. डोळा जरा हलला की रेषा सरकते, त्यामुळे मोठ्या भिंतीच्या नकलेत सांधे जुळत नाहीत.

कागदी ठसा याहून नेमका. खळ न लावलेला जाड कागद भिजवून कोरीवकामावर ठेवायचा, ताठ ब्रशने ठोकून खाचांत बसवायचा, पूर्ण वाळल्यावरच सोलायचा. घाई केली तर फाटतो. दगडाला टेकलेल्या बाजूने अक्षरं उलटी दिसतात, मागून सुलटी. जर्मन अभ्यासक लेप्सियसच्या मोहिमेने (१८४२-४५) आजच्या सुदानमधल्या मेरोईपर्यंत जाऊन असे ठसे आणले. रंगीत भिंतीवर मात्र हा प्रकार घातक. ओल्या कागदाबरोबर रंग निघून येतो. सेती पहिला या फॅरोच्या (इजिप्तच्या राजाच्या) थडग्यात इटालियन शोधक बेल्झोनीने मेणाचे ठसे घेतले, तिथेही रंगाचं नुकसान झालंच.

तरी जुनी चित्रं टाकाऊ नाहीत. नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावरचं फॅरो तिसऱ्या आमेनहोतेपचं छोटं देऊळ १८२२च्या सुमारास पाडलं गेलं. त्यासाठी नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतली रेखाटनंच मुख्य आधार आहेत.