शेवटच्या सेकंदाची बोली: लावावी का, कशी, आणि ती रास्त आहे का?

दुर्बीण
ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर जुन्या कॅमेऱ्याची लेन्स घ्यायची आहे. अशा लिलावांत भाव दिवसेंदिवस हलत नाही आणि शेवटच्या दहा सेकंदांत कुणीतरी झडप घालतं. आपणही तेच करावं का? करायचं तर नेमकं कसं? आणि हे नियमात बसतं का?

हातोडा
नियमात बसतं. ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो, त्यामुळे शेवटच्या क्षणाची बोलीही वैधच.

पण आधी हे पक्कं करा: उशिरा आलेली बोली जिंकत नाही, मोठी बोली जिंकते. तुम्ही टाकता तो आकडा म्हणजे तुमची कमाल, जास्तीत जास्त द्यायची तयारी असलेली रक्कम. ती झाकलेली राहते आणि यंत्रणा गरजेपुरताच भाव चढवते. समजा, भाव 41 डॉलर दिसतोय आणि पुढे असलेल्याची झाकलेली कमाल 60 आहे. तुम्ही शेवटी 63 टाकलेत, तर लेन्स 61 ला तुमची, कारण 25 ते 99.99 डॉलरच्या टप्प्यात वाढ 1 डॉलरची असते. नेमके 60 टाकलेत तर हरलात. बरोबरी झाली की आधीची बोली वरचढ. 60.37 टाकलेत तर मात्र 60.37 ला जिंकलात, कारण झाकलेली कमाल ओलांडायला पूर्ण डॉलरची वाढ लागत नाही. म्हणून गोल आकडा कधीच टाकू नये.

दुर्बीण
मग 63 तीन दिवस आधीच टाकले तर काय बिघडलं?

हातोडा
सगळेच आपली खरी कमाल एकदा टाकून गप्प बसत असते, तर काहीच बिघडलं नसतं. पण बरेच जण थोडं थोडं चढवत जातात. मागे पडल्याचा निरोप आला की 62, मग 64. त्यांना तो वेळच द्यायचा नाही, एवढाच शेवटच्या बोलीचा फायदा. दुसरं म्हणजे जाणकाराची बोली हीच इतरांना खबर असते: ‘याने लावली म्हणजे माल अस्सल.’ रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांच्या 2002 च्या अभ्यासात ईबेवर संगणकांपेक्षा पुरातन वस्तूंवर उशिराच्या बोल्या जास्त आढळल्या, त्या याचमुळे.

खिडकीकाठ
कृती सांगते.

टपालखर्च धरून कमाल आधी कागदावर लिहा. पंधरा मिनिटं आधी नव्याने लॉगिन करा. ऐन वेळी पासवर्ड मागितला की खेळ खलास. दोन टॅब ठेवा: एकात भाव पाहायचा, दुसऱ्यात आकडा भरून पुष्टीच्या पानापर्यंत जाऊन थांबायचं. वेळ साइटवरच्या उलट्या मोजणीने धरा, मनगटावरच्या घड्याळाने नको. साधारण सहा-आठ सेकंद उरले की बटण. दोन सेकंदांवर थांबणं म्हणजे निव्वळ हौस, नेट जरा अडखळलं की बोली पोचतच नाही. तेवढ्यात भाव तुमच्या आकड्याच्या वर गेला तर बोली घेतली जात नाही. तिथे चिडून नवा आकडा टाकू नका. महागडी खरेदी त्याच शेवटच्या सेकंदांत होते!

तिसरी बाजू
नियमात बसतं म्हणून रास्त ठरत नाही. त्या वेळी झोपलेला माणूस उत्तर कसं देणार? अ‍ॅमेझॉनच्या जुन्या लिलावांत शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत पुढे सरकायची. त्याच अभ्यासात तिथे उशिराच्या बोल्या बऱ्याच कमी निघाल्या. म्हणजे दोष बोली लावणाऱ्याचा नाही, लिलाव बंद करण्याच्या नियमाचा आहे.

हातोडा
नियमाबद्दल सहमत. पण झोपलेल्याने खरी कमाल टाकली असेल, तर त्याला उत्तर द्यावंच लागत नाही. खरा अन्याय खोट्या बोल्यांचा. विक्रेत्याचाच माणूस अवाच्या सवा बोली टाकतो, तुमची कमाल उघडी पाडतो, बोली मागे घेतो आणि दुसऱ्या खात्यातून तुमच्या जरा खाली येऊन बसतो. ईबेवर शेवटच्या 12 तासांत लावलेली बोली फक्त तासाभरात आणि ठरावीक कारणांसाठीच मागे घेता येते, त्यामुळे हा डाव सहसा त्याआधी होतो. बोल्यांचा इतिहास उघडा. एकाच विक्रेत्याच्या मालावर सतत बोली लावणारं आणि वारंवार मागे घेणारं खातं दिसलं, की तो लिलाव सोडा.

दुर्बीण
तशाच दोन लेन्स एकाच संध्याकाळी संपतायत. दोन्हींवर लावू?

खिडकीकाठ
नको. जिंकलेली बोली बंधनकारक असते, दोन्ही गळ्यात पडतील. आधी संपणारीवर लावा, हरलात तरच दुसरीवर. आपोआप बोली लावणाऱ्या काही सेवांत ‘एक मिळाली की बाकीच्या रद्द’ अशी सोय असते, पण तिथे खात्याची किल्ली परक्याच्या हाती जाते. तसं करणार असाल तर त्या खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा.