एसएसएलसीच्या तीन परीक्षा: आपल्या मराठी पोरांना आधार की नुसती मुदतवाढ?

जांबोटीवाला
कर्नाटक राज्याच्या परीक्षा मंडळाने २०२३-२४ पासून दहावीची (एसएसएलसी) परीक्षा वर्षातून तीनदा घ्यायला सुरुवात केली. पहिली मार्च-एप्रिलला, मग दुसरी, मग तिसरी. जिथे जास्त गुण तेच धरायचे. पूर्वी नापासांसाठी पुरवणी परीक्षा असायची. आता पास झालेलं पोरही गुण वाढवायला बसू शकतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही जा, या पद्धतीला नावं ठेवणारेच जास्त भेटतात. माझं मत उलटं आहे. मंडळाने अलीकडे केलेल्या कामांत हे सगळ्यात चांगलं, आणि त्याची सगळ्यात जास्त गरज आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना होती.

आपली पोरं अडकतात कुठे? गणित, इंग्रजी आणि कन्नड. खानापूरच्या पश्चिमेला घरात मराठी, शाळेत मराठी, आठवडी बाजारातही मराठी. कन्नड भेटतं ते तासाला आणि बसच्या पाटीवर. आमच्या शेजारच्या मुलीला प्रथम भाषा मराठीत १२५ पैकी १०४ पडले, समाजविज्ञानातही चांगले, आणि कन्नडमध्ये गेली. निकालाच्या दिवशी बापाने दप्तर माळ्यावर टाकलं. दुसऱ्या परीक्षेत ती पास झाली आणि त्याच वर्षी पीयूला, म्हणजे अकरावीला बसली. एका विषयापायी पोरीचं शिक्षण थांबू नये, एवढंच माझं म्हणणं.

निवृत्त मास्तर, खानापूर
मुलगी पास झाली, आनंद आहे. पण पुरवणी परीक्षा पूर्वीही जूनमध्येच व्हायची. जुन्या पद्धतीतही तिचं वर्ष वाचलं असतं. नापासांसाठी नवीन काय आलं, तर तिसरी परीक्षा. तिच्याबद्दल बोलू.

२०२४ साली ती ऑगस्टच्या सुरुवातीला झाली, २०२५ साली जुलैत. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीत जुलै-ऑगस्टला पाऊस कसा असतो हे जांबोटीवाल्यांना मी सांगायची गरज नाही. भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळीसारख्या गावांचा संपर्क तुटतो. अतिवृष्टीने शाळांना सुट्ट्या जाहीर होतात त्याच दिवसांत ही परीक्षा. पहिल्या परीक्षेइतकी केंद्रं नंतर नसतात, म्हणजे पोराने ओढा ओलांडून, भिजत तालुक्याला यायचं. वेळापत्रक बेंगळूरला मल्लेश्वरमच्या कार्यालयात बसून ठरतं, तिथे हा पाऊस दिसत नाही.

ती तिसरी परीक्षा पास झाल्यावर तरी काय? पीयूचे वर्ग केव्हाच सुरू झालेले असतात. मराठीत दहावी केलेल्या मुलाला विज्ञान घ्यायचं तर सगळं इंग्रजीतून. जूनपासून बसलेल्यांची दमछाक होते, तिथे दोन महिने उशिरा आलेल्याने काय करायचं? आणि शिकवणार कोण? जूनला दहावीची नवी तुकडी समोर असते, त्याच मास्तरने जुन्यांनाही तयार करायचं. मे २०२४ मध्ये तर उन्हाळी सुट्टीतच जादा वर्ग घ्या म्हणून आदेश आला, शिक्षक संघटनांनी विरोध केला तो उगीच नव्हता.

शेवटचा मुद्दा, आणि तो मला जास्त लागतो. २०२४ ला मंडळाने परीक्षा केंद्रांत वेबकास्टिंग, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट नजर ठेवणं, लावलं. कॉपीला चाप बसला आणि राज्याचा निकाल ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० वर आला, तोही पास करायला द्यायच्या वाढीव (ग्रेस) गुणांची मर्यादा १० वरून २० टक्के केल्यावर. म्हणजे आधीच्या निकालांत शिकवणं किती आणि बाकीचं किती, ते कळलं. कॅमेरा लावला हे मंडळाचं खरं काम, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. पण त्यातून जे दिसलं त्यावर उपाय म्हणून परीक्षाच वाढवायची? आता उत्तीर्णतेची मर्यादाही ३५ वरून ३३ टक्क्यांवर आणली. दरवेळी उंबरा खाली करायचा, शिकवणं तिथल्या तिथेच.

निपाणीची ताई
मास्तर, तुमचा अनुभव मोठा आहे. पण नापास मुलगी घरी बसली की काय होतं ते मी आमच्या गल्लीत बघते. आया दिवसभर विड्या वळतात. पोरगी रिकामी दिसली की सूप तिच्याही मांडीवर येतं, आणि वर्षभरात पाहुणे बघायला येतात. "अजून एक परीक्षा आहे" हे वाक्य आईच्या तोंडी असलं की ती दोन महिने पाहुण्यांना थोपवू शकते. तिकडे खानापुरात पोरगं नापास झालं की गोव्याची गाडी धरतं, एकदा हातात पगार पडला की परत येत नाही. तुम्ही याला मुदतवाढ म्हणा. आमच्या पोरींना तीच पाहिजे.

कंग्राळीकर
राग योग्य दारात न्या एवढंच सांगतो. २०२२ मध्ये दहावीचं आणि पीयूचं मंडळ एकत्र करून हे मंडळ झालं, आणि त्याचं काम परीक्षेपुरतं: प्रश्नपत्रिका, केंद्रं, तपासणी, निकाल. शिक्षक नेमणं शिक्षण खात्याकडे, पुस्तकं पाठ्यपुस्तक संघाकडे. आपल्या जिल्ह्यात तर बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे, दोन उपसंचालक. मास्तर म्हणतात ते शिकवण्याचं दुखणं मंडळाच्या दारात सुटणार नाही.

सरकारने २०१५ चा कायदा करून शाळांत कन्नड सक्तीचं केलं. ठीक आहे, राज्यात राहायचं तर कन्नड यायलाच हवं, माझी मुलं शिकतात. पण सक्ती केली तिथे ते शिकवायला कायम शिक्षक देणंही सरकारचंच काम. सरकारी हायस्कुलांत अतिथी शिक्षकांवर भागवायचं आणि अनुदानित शाळांत निवृत्त माणसाच्या जागेची मंजुरी वर्षानुवर्षं रखडवायची, हे चालणार नाही.

चंदगड रोड
एवढं करण्यापेक्षा पोरांना पलीकडे घाला. महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्रात प्रवेशाच्या सवलती आहेत.

कंग्राळीकर
ज्याच्या घरून हद्दीपलीकडचं शिनोळी जवळ त्याला जमेल. कणकुंबीच्या पोराने काय करायचं? आणि मराठी शाळा आपणच रिकाम्या केल्या तर मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण द्या असं सांगणारं घटनेचं ३५०अ कलम कुणासाठी मागायचं? पट कमी झाला की शाळा जोडायची चर्चा सुरू होतेच.

जांबोटीवाला
मास्तर, पावसाचा मुद्दा शंभर टक्के खरा, मी त्याच रस्त्याने जातो. पण पाऊस आहे म्हणून परीक्षा नको, हे कसं? केंद्र जवळ द्या म्हणू. दुसरं, पास झालेल्यांचं तुम्ही सोडूनच दिलंत. गणितात काठावर पास झालेल्या पोराला डिप्लोमाला जायचं असेल, तर गुण वाढवायची वाट पूर्वी नव्हती, आता आहे. उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते, फेरतपासणी होते, हेही गावात कित्येकांना माहीत नसतं. कळेपर्यंत मुदत संपलेली असते. निकालाच्या दिवशी शाळेने ती तारीख फळ्यावर लिहिली तरी पोरांचं काम होईल.

बीईओ (गटशिक्षणाधिकारी) साहेबांना अर्ज देऊ. मागण्या अशा: तिसरी परीक्षा कायम ठेवावी, तिचं केंद्र जांबोटीला द्यावं, आणि तालुक्यातल्या मराठी माध्यमाचा विषयवार निकाल शाळांना मिळावा, म्हणजे कन्नडमध्ये किती गेले आणि गणितात किती, ते कागदावर येईल.

निपाणीची ताई
चिकोडीच्या ऑफिसला तसाच अर्ज आम्हीही देतो. त्यात मुलींची संख्या वेगळी मागा.

निवृत्त मास्तर, खानापूर
केंद्र आणि विषयवार निकाल, या दोन्हींवर सही करतो. पहिल्या मागणीवर नाही. तिथे "कन्नड आणि गणिताचा कायम शिक्षक जूनच्या पहिल्या दिवसापासून" असं लिहा, मी स्वतः अर्ज घेऊन येतो. ताईंचं दुखणं मला कळतं, पण त्या पोरीला मार्चमध्येच पास करायची जबाबदारी आमची होती, ती तिसऱ्या परीक्षेवर ढकलायला मी तयार नाही.

जांबोटीवाला
मास्तर, तुमची ओळ दुसऱ्या नंबरला घालतो. पहिली काढणार नाही. तुमचा शिक्षक मंजूर होईपर्यंत यंदाच्या पोरांनी कुठे जायचं?