मुफिदा त्लातली: दिग्दर्शनाआधीची वीस वर्षे

एकाने विचारलंय की ट्युनिशियाच्या दिग्दर्शिका मुफिदा त्लातलींचा पहिला चित्रपट थेट १९९४ मध्ये कसा, त्याआधी त्या काय करत होत्या? संकलन (एडिटिंग)! ती वर्षे मोकळी नव्हती, उलट तीच त्यांची खरी शाळा.

ट्युनिशियातल्या सिदी बू सैदमधला जन्म. पॅरिसच्या 'इदेक' या चित्रपटसंस्थेत संकलन शिकून त्या १९६८ मध्ये बाहेर पडल्या, काही काळ फ्रेंच टीव्हीत काम केलं आणि १९७२ ला मायदेशी परतल्या. मग मेर्झाक अलुआश (अल्जीरिया), मिशेल ख्लेफी (पॅलेस्टाइन), नासेर खेमीर, फेरीद बुगेदीर अशांचे चित्रपट त्यांच्या टेबलावरून गेले. तेव्हा काम फिल्मवर चाले. ३५ मिमीची एका मिनिटाची पट्टी साधारण २७ मीटर भरते, आणि प्रत्येक बदल म्हणजे ती हाताने कापून पुन्हा जोडणं. त्यामुळे कापण्याआधी विचार करायची सवय लागते.

ही सवय त्यांच्या १९९४ च्या त्या पहिल्या चित्रपटात, 'सायलेन्सेस ऑफ द पॅलेस'मध्ये, लख्ख दिसते. फ्लॅशबॅक बहुधा फसतो तो नुसती तारीख सांगायला वापरल्यामुळे. इथे मोठी झालेली नायिका आलिया ओसाड राजवाड्यात फिरते आणि एखादी खोली, एखादा आवाज तिला बालपणात नेतो. कारण पात्राच्या आतलं असतं, म्हणून सांधा जाणवत नाही. तळघरातल्या स्वयंपाकघरात मोलकरणींच्या गप्प चेहऱ्यांवर शॉट बराच वेळ थांबतो. घाईचा संकलक तो निम्म्यावर आणेल, आणि चित्रपटाचा प्राणच जाईल.

कान चित्रपट महोत्सवात याला कॅमेरा द'ओरचा (पहिल्या चित्रपटासाठीच्या पुरस्काराचा) विशेष उल्लेख मिळाला. पाहताना रेडिओकडे कान ठेवा: वरच्या मजल्यावरच्या राजघराण्याला टाळता येणारी ट्युनिशियाची स्वातंत्र्यचळवळ खाली मोलकरणींपर्यंत त्यातूनच पोचते.